दोन हातांचं बटण

राजेश्रीनं आयुष्यात जे सगळ्यात चांगलं काम केलं, ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. स्वेटर विणला असता तर घालून दाखवता आला असता, पापड केले असते तर तळून वाढता आले असते. तिनं काय केलं, तर संगम साऊंड सर्व्हिसच्या लॅपटॉपमधल्या गाण्यांना बटणं दिली. कीबोर्डवर काय दाबलं की गाण्यांची कोणती यादी सुरू होईल, ते ठरवलं. हे ऐकून माणसं म्हणायची, "बरं, मग?" आणि त्यांचंही चुकत नव्हतं. लग्नात गाणं वेळेवर लागलं तर त्याचं कौतुक करायला कोण येतं? वेळेवर लागलं नाही, तर मात्र अख्खा मांडव मान वळवून बघतो.

संगम साऊंड हे जिंतूरच्या आदिनाथचं. हा आदिनाथ एकेकाळी राजेश्रीचा विद्यार्थी. ती टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची, आणि हा गडी मराठी तीसच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटायचा, कारण बोटांकडे बघितल्याशिवाय त्याला एक अक्षर मारता यायचं नाही. "अरे, वर बघ, वर!" म्हणून म्हणून तिचा घसा बसायचा. पुढे क्लास बंद पडला. आदिनाथनं टायपिंगचा नाद सोडून स्पीकर घेतले आणि आपल्या जुन्या मॅडमला लॅपटॉपवर बसायला बोलावलं. त्यावरून तिच्या सासरी नुसतं रान उठलं. बाईमाणसानं भर मांडवात स्पीकरच्या ढिगाशेजारी बसायचं? तेव्हा आदिनाथ स्वतः घरी आला. तिचा नवरा राम आणि सासरे यांच्यासमोर त्यानं मनगट पुढं केलं.

"राखी बांधा, मॅडम. आजपासून माझी ताई. ताई माझ्या शेजारी बसंल. मग कोण काय बोलतंय ते मी बघतो."

घरात राखी कुठली असायला? राजेश्रीनं देवघरातला लाल दोरा बांधला. त्या दिवसापासून मॅडमची ताई झाली आणि 'तुमी' जाऊन 'तू' आलं. सासरे पुन्हा काही बोलले नाहीत. हे उपकार राजेश्री कधी विसरली नाही. विसरली असती तर फार बरं झालं असतं.

सुरुवातीला सगळा कारभार माउसवर चालायचा. गाणी 'न्यू फोल्डर'मध्ये, त्याच्या पोटात आणखी एक न्यू फोल्डर, आणि हवं ते गाणं त्या दोन्हींत नाही. नवरी मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी असायची आणि इकडे स्क्रीनवरचा बाण वाट हुकल्यासारखा हिंडत असायचा. तरी कसंबसं निभत होतं. निभलं नाही ते पिंगळी गावच्या लग्नात.

मंगलाष्टकं किती होणार, हे आपल्याकडे देवालाही सांगता यायचं नाही. गुरुजींची होतात, मग नवरीच्या मावशीनं स्वतः रचलेलं असतं, ते ऐकून नवरदेवाच्या मामाला जोर चढतो, मग एखादे निवृत्त मास्तर खिशातून घडी घातलेला कागद काढतात. प्रत्येकाच्या शेवटी 'सावधान', आणि प्रत्येक 'सावधान'ला अक्षता. पण बँड वाजायचा तो फक्त शेवटच्याला. बँड म्हणजे रेकॉर्डवरचाच, तोही संगम साऊंडनंच लावायचा. तो वाजला की लग्न लागलं; अंतरपाट खाली, हार गळ्यात. पिंगळीला मावशी ऐन रंगात आल्या होत्या, स्क्रीनवर बँड तयार ठेवलेला होता आणि आदिनाथचं कोपर स्पेसबारवर पडलं. बँड दणाणला. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला, नवरदेवानं हार घातला, मंडळी पंगतीकडं धावली. माधवराव गुरुजी माइकवर ओरडत होते, "अहो थांबा! लग्न लागलेलं नाही!" पण त्या दणक्यात त्यांचं कोण ऐकतंय? मग गळ्यातले हार काढून सगळं पुन्हा करावं लागलं. अपशकुन झाला म्हणून नवरीची आई डोळ्याला पदर लावून बसली. त्या बाईचा तो चेहरा राजेश्रीच्या मनातून जाईना.

त्या चातुर्मासात लग्नं नव्हती, तेव्हा ती लॅपटॉप आणि मोठा कीबोर्ड घरी घेऊन आली. गाणी वाजवायच्या त्या प्लेअरमध्ये प्रत्येक यादीला आपलं बटण देता येतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं आधी सरळसोट विचार केला, हळदीला एच, वरातीला व्ही. पण मग शोधायच्या चौकटीत एखाद्या गाण्याचं नाव लिहायला घ्यावं, तर पहिल्याच अक्षराला हळद सुरू व्हायची. म्हणून अक्षराच्या जोडीला कंट्रोल घेतलं. तर त्यातली निम्मी अक्षरं आधीच दुसऱ्या कामांना लावलेली. वरच्या रांगेतली बटणं घेऊन बघितली, तर लग्नाऐवजी स्क्रीनचा उजेड कमीजास्त व्हायला लागला. राम म्हणाला, "एवढं डोकं लावलं असतंस तर तलाठी झाली असतीस." तिनं लक्ष दिलं नाही.

मग तिनं अक्षरांचा नाद सोडला आणि बोटांचा विचार केला. इतकी वर्षं तिनं तेच तर शिकवलं होतं. जे घाईत लागतं ते जोरकस बोटाखाली: नवरीचं येणं, वरात. जे सावकाश चालतं ते करंगळीकडं, म्हणजे आहेर आणि पाहुण्यांचे सत्कार. माइकवर कुणी बोलायला आलं की गाणं एकदम न तुटता हळूहळू खाली जाईल, असं एक बटण अंगठ्याजवळ. संगम साऊंडला तेरवीची आणि श्रद्धांजलीची कामंही यायची. त्या भजनांना मात्र तिनं बटण दिलंच नाही. लग्नात चुकून ती लागली तर काय अनर्थ होईल? आणि दुःखाचं गाणं माणसानं शोधूनच लावावं, तेवढा वेळ जायलाच हवा, असं तिचं मत होतं.

राहिला बँड. त्याला तिनं डाव्या टोकाचं कंट्रोल आणि उजव्या टोकाचं, आकड्यांच्या पलीकडचं एंटर दिलं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय तो वाजायचाच नाही. कोपरानं वाजणार नाही, मांजर चाललं तरी वाजणार नाही, एका हातात मोबाईल धरून बसलेल्या माणसाला तर जन्मात वाजवता येणार नाही. "लग्न कुणाच्या चुकीनं लागता कामा नये," ती रामला म्हणाली. "दोन्ही हात मोकळे असले तरच लागलं पाहिजे." मग ती डोळे मिटून बसायची आणि राम पलंगावरून आरोळ्या द्यायचा, "नवरी आली! मामा माइकवर आला! आमदार आले!" आणि तिची बोटं बरोबर जागेवर जायची. आमदारांना कोणतं बटण, यावरून दोघं पोट धरून हसली होती.

एक गोष्ट मात्र कीबोर्डवर बसेना. शेवटचं मंगलाष्टक कोणतं, हे कळायचं कसं? तिनं माधवराव गुरुजींचं घर गाठलं; संगम साऊंडच्या लग्नांना गुरुजी म्हणून तेच असायचे. गुरुजींनी पिंगळीचा धसका घेतलेलाच होता. ते म्हणाले, "शेवटचं सुरू झालं की मी उजव्या कानाची पाळी धरीन. लोकांना वाटेल विधीतलंच काहीतरी आहे. पण हे आपल्या दोघांतच ठेव हं. चौघांना कळलं तर चौघंही कान धरून उभे राहतील."

तिनं ते रामलाही सांगितलं नाही. पुढच्या सबंध हंगामात बँड एकदाही चुकला नाही. आदिनाथ विचारायचा, "ताई, तुला कसं काय कळतंय गं शेवटचं कुठलं ते?" ती म्हणायची, "कळतं." एवढाच तिचा तोरा होता, आणि तो काही फार मोठा नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला आदिनाथनं तिला घरी बोलावलं. त्याची बायको भक्ती हिनं फराळाचं ताट पुढं केलं. आदिनाथ म्हणाला, "ताई, बटणांवर कायतरी खूण करून दे. कोण कशाचं, मला ध्यानात ऱ्हाईना. उद्या तुला ताप-बीप आला तर माझी पंचाईत." म्हणणं रास्त होतं. राजेश्रीनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या बटणांवर चिकटवल्या: हळदीला पिवळी, नवरीला लाल, वरातीला चमकी असलेली, बँडच्या दोन्ही बटणांना मोठ्या मरून रंगाच्या. भक्तीनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. भक्तीची मोठी बहीण शिवकन्या तिथंच चहा घेत बसली होती. नवऱ्याच्या बदलीनं ती नुकतीच जिंतूरला राहायला आलेली.

"लय हुशार हाव बाई तुमी," शिवकन्या म्हणाली. "पुन्यांदा दाखवा बरं, ते दोन हाताचं."

राजेश्रीनं पुन्हा दाखवलं. आणखी एकदा दाखवलं. इतक्या कौतुकानं ते काम कुणी पहिल्यांदाच बघत होतं, म्हणून ती सुखावली होती. शिवकन्येनं कीबोर्ड जवळ ओढला तेव्हा मनगट कसं ठेवायचं तेही तिनं हात धरून सांगितलं. भोळेपणाची हद्द असते म्हणतात. राजेश्रीची त्या दिवशी चकलीच्या ताटापलीकडे गेली.

तुळशीचं लग्न झालं आणि हंगाम लागला. पहिलंच लग्न चारठाण्याचं, मोठ्या घरचं. आदिनाथचा टेम्पो नेहमी तिला बसस्टँडच्या कोपऱ्यावरून घ्यायचा. त्या सकाळी ती कोपऱ्यावर उभी राहिली, ऊन चढलं, टेम्पो काही आला नाही. फोन लावला तर वाजून वाजून बंद. टेम्पो उलटला की काय? का लॅपटॉप बिघडला? एवढं मोठं काम आणि हा एकटा तिथं गोंधळला असेल. स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी तिचा जीव खालीवर झाला. मिळेल त्या एसटीत ती चढली आणि सबंध रस्ता उभ्यानं, दांडीला धरून गेली.

मांडवाजवळ पोचली तर गाणी सुरू. यादी बरोबर, आवाज बरोबर. तिला आधी हायसंच वाटलं. मग स्पीकरच्या मागून वळून ती आपल्या जागेशी आली आणि बघते तर तिच्या खुर्चीत शिवकन्या. पुढ्यात कीबोर्ड, आणि त्यावर तिनं स्वतः चिकटवलेल्या टिकल्या.

आदिनाथ वायरींतून वाट काढत लगबगीनं आला. "अगं ताई! तू कशाला तरास घेतलास? मी फोन करणारच होतो."

"माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"भक्तीची बहीण. वळखतीस की तू."

"आजच्यापुरती?"

तो मानेमागं खाजवायला लागला. "त्याचं असं हाय... इथून पुढंबी तीच बसंल म्हणायलाव. घरातलं काम घरात ऱ्हातंय. भक्तीनं लय दिवसांपासून धोसरा लावलाय."

"आन् मी कुठली? भायेरची?"

"असं कसं? तू तर ताई हाय माझी!" हे तो इतक्या सहज बोलला की त्याला स्वतःलाही खरं वाटलं असावं. "आन् तूच तर एवढं सोपं करून दिलंस. आता ते कुणालाबी जमतंय. जेवून जा बरं, तशीच जाऊ नको."

राजेश्रीची नजर टिकल्यांवर गेली. तिनं घरी बसून, डोळे मिटून, बोट बोट जुळवून जे उभं केलं, ते तिलाच उठवायला कामी आलं होतं. आणि ते त्यानं करवून घेतलं ताई म्हणून, फराळ पुढं करून, तापाचं निमित्त सांगून. तिला रडू आलं नाही. तिला त्याच्या कानशिलात लगावावीशी वाटली.

त्याच पावली परत जायला हवं होतं. पण ती गेली नाही, आणि का गेली नाही ते आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. टिकल्या त्यांच्याकडे होत्या, व्हिडिओ त्यांच्याकडे होता, पण गुरुजींची खूण त्यांच्याकडे नव्हती. शेवटचं मंगलाष्टक कोणतं, हे त्या मांडवात गुरुजींना आणि तिलाच कळणार होतं. शिवकन्या आज चुकणार. मग आदिनाथ धावत येईल, सगळ्यांदेखत येईल, आणि तिला खुर्चीवर बसवेल. राजेश्री बायकांच्या खुर्च्यांत, अगदी पुढं जाऊन बसली. मुठीत अक्षता घेतल्या आणि मनातल्या मनात म्हणाली, चुकू दे. समोर अंतरपाटामागं उभ्या असलेल्या नवरीनं तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पिंगळीच्या त्या रडणाऱ्या आईची तिला आठवणही झाली. तरी ती म्हणालीच, चुकू दे.

गुरुजींची दोन मंगलाष्टकं झाली. मग नवरीची आत्या आली आणि तिनं सासर-माहेर एकाच कडव्यात कोंबलं. मग नवरदेवाचे चुलते उठले. त्यांचा आवाज असा काही टिपेला गेला की आता हे शेवटचंच, असं कुणालाही वाटावं. 'सावधान' म्हणताना तर त्यांनी हातच वर केले. राजेश्रीनं मान वळवून शिवकन्येकडं बघितलं. ही दाबणार. आता दाबणार.

शिवकन्येचे हात मांडीवरच राहिले. ती स्वस्थ बसून गुरुजींकडं बघत होती.

गुरुजींनी माइक परत घेतला, घसा साफ केला आणि पुढचं मंगलाष्टक सुरू केलं. उजवा हात वर नेला आणि कानाची पाळी धरली. राजेश्री त्यांच्या समोर, पहिल्या रांगेत होती, पण त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडं, तिच्या खुर्चीकडं गेली. शिवकन्येनं मान हलवली. एक हात डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. शेवटच्या 'सावधान'मधला 'न' विरायच्या आत बँड वाजला. अंतरपाट खाली आला. लग्न इतकं नेमकं राजेश्रीनंसुद्धा कधी लावलं नव्हतं. लोकांनी अक्षता उधळल्या, टाळ्या वाजवल्या. तिची मूठ काही उघडली नाही.

गुरुजी जेवायच्या आधी हात धुवायला नळावर आले, तिथं तिनं त्यांना गाठलं.

"गुरुजी, ती खूण आपल्या दोघांतली होती ना?"

गुरुजी चक्रावले. "अगं, तूच ना पाठवलंस आदिनाथला? मागच्या आठवड्यात घरी आला होता. म्हणाला, ताईला आता हे झेपत नाही, शेवटचं कसं ओळखायचं ते तुम्हाला विचारून यायला तिनंच सांगितलंय. मी म्हटलं, राजेश्री स्वतः का नाही आली? तर म्हणाला, काम सोडताना तिला वाईट वाटतंय, तुमच्यासमोर रडू येईल म्हणून आली नाही." त्यांनी ओला हात पंच्याला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "बरं केलंस हो. घराकडं बघ आता. सुखी राहा."

तिनं त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा आशीर्वाद खरा होता आणि तो तिनं न मागितलेल्या गोष्टीसाठी मिळाला होता. आदिनाथ गुरुजींकडं आडून गेला असता, लालूच दाखवून गेला असता, तर तिनं एकवेळ सोसलं असतं. तो तिच्या नावानं गेला. तिचं रडूसुद्धा त्यानं तिच्या आधीच वापरून टाकलं.

आदिनाथ स्टेजच्या बाजूला वायर गुंडाळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला झेपत न्हाई?"

त्याचा हात थांबला. गुरुजींच्या पंगतीकडं एक नजर टाकून तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, चारचौघांत कशाला..."

"ताई म्हणायचं न्हाई मला."

"असं काय करायलीस? मग काय म्हणू?"

"काईच नको म्हणू. माझ्या नावानं खोटं बोललास. राखी बांधलेल्या हातानं गुरुजींच्या पाया पडून बोलला असशील. मी तुला वर बघायला शिकवत होते रे, आन् तुझं सगळं ध्यान माझ्या पायाखालच्या जमिनीकडं होतं."

तो पुन्हा वायर गुंडाळायला लागला. आजूबाजूच्या दोघा-चौघा बायका ऐकत होत्या. ऐकू देत, असं तिला वाटलं. तिनं पदर खोचला आणि ती निघाली. पंगतीत कुणीतरी जेवायचा आग्रह केला, तिनं मान हलवली. मांडवाच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिचं मन बरंचसं घट्ट झालं होतं. संपलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आता त्यानं पाय धरले तरी या खुर्चीत बसायचं नाही.

"ताई! ओ ताई!"

आदिनाथचाच आवाज. तीच हाक, वायर जळाली की मारायचा, लाइट गेली की मारायचा, काही सुचेनासं झालं की मारायचा. तिनं ठरवलेलं सगळं जागच्या जागी राहिलं आणि ती गर्रकन वळली. नुसती वळली नाही, परत दोन पावलं चाललीसुद्धा.

तो तिच्याकडं बघत नव्हता. तो खुर्चीपाशी वाकून शिवकन्येशी बोलत होता.

"ताई, तेवढी पाठवणीची गाणी तयार ठेवा. कुठलं बटण ते हाय ना ध्यानात?"

"हाय की," शिवकन्या म्हणाली, आणि तिनं बोट बरोबर त्या बटणावर नेऊन ठेवलं.